मुलाच्या ताब्याचं मूल्यमापन : आत नेमकं काय पाहतात

घटस्फोटात मूल कोणाकडे राहावं हे ठरवताना न्यायालयाने मूल्यमापन करायला सांगितलं की पहिली धावपळ होते ती जोडीदाराच्या चुका गोळा करण्याची. या प्रक्रियेतून गेलेली म्हणून सांगते, लग्न का मोडलं याचा निवाडा तिथे होत नाही. मुलाच्या गरजा काय आहेत आणि त्या कोण कशा भागवतं, हे पाहतात.

सुरुवातीला संमतिपत्र देतात, ते शांतपणे वाचा. मूल्यमापक मानसशास्त्रज्ञ असला तरी तो तुमच्यावर उपचार करायला बसलेला नाही. बोललेलं काहीही अहवालात येऊ शकतं. मन मोकळं करायला दुसरं माणूस शोधा.

मग दोघांच्या वेगवेगळ्या मुलाखती होतात. आजारपणात रात्री कोण जागतं, वर्गशिक्षक कोण, मूल घाबरलं की काय करतं, असे प्रश्न असतात आणि मोघम उत्तरं लगेच उघडी पडतात. समोरच्या पालकात चांगलं काय, हेही विचारतात. ‘काहीच नाही’ म्हणणं महागात पडतं, कारण मुलाचं दुसरं नातं तुम्ही टिकू द्याल का, याचा अंदाज त्यावरून बांधतात. मारहाण किंवा धोका असेल तर मात्र भिडेखातर गप्प बसू नका. तारखा, वैद्यकीय कागद, तक्रारीची प्रत आधीच द्या.

काही ठिकाणी चाचण्याही घेतात. एमएमपीआय-२ या व्यक्तिमत्त्व चाचणीत ५६७ विधानं असतात, प्रत्येकाला खरं किंवा खोटं म्हणायचं. स्वतःला निर्दोष दाखवण्याची धडपड टिपणाऱ्या मोजपट्ट्या त्यातच असतात. ती फार झाली तर बाकीचे गुण भरवशाचे राहत नाहीत. पालकत्व मात्र ही चाचणी थेट मोजत नाही, त्यामुळे निव्वळ तिच्या जोरावर काढलेला निष्कर्ष मला कच्चा वाटतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मुलाला पढवण्याने. मोठ्यांचे शब्द, घोटलेली वाक्यं, दोन्ही घरी वेगळं उत्तर, हे अनुभवी माणसाच्या लक्षात येतं. त्याहून वाईट म्हणजे आईबाबांपैकी एकाला निवडायचं ओझं मुलाच्या डोक्यावर बसतं. त्याला एवढंच सांगा : ‘एक ताई किंवा दादा तुझ्याशी बोलतील, खरं ते सांग, ठरवायचं काम मोठ्यांचं.’

गृहभेटीला घर चकचकीत नको. मुलाची झोपायची जागा, औषधं मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवलेली, रोजचा क्रम दिसला पाहिजे.

अहवालात तथ्याची चूक सापडली तर मूल्यमापकाला फोन करू नका. कागद जोडून वकिलामार्फत न्यायालयात मांडा. शिफारस न्यायाधीशांवर बंधनकारक नसते.