सिलॉजिझमचा निष्कर्ष आधी मोडून बघा

बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींना सिलॉजिझम, म्हणजे दिलेल्या विधानांवरून कुठला निष्कर्ष नक्की निघतो हे ओळखायचे प्रश्न, शिकवताना मला एक गोष्ट फार मनापासून सांगावीशी वाटते, की नियमांचे तक्ते पाठ करत बसू नका, सरळ प्रत्येक गटाचा एक गोल काढा. आयबीपीएस क्लार्क या बँक भरतीच्या प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला, रिझनिंगचे ३५ प्रश्न आणि वेळ २० मिनिटं, त्यात "सर्व अधिक काही बरोबर काय" हे आठवायला वेळ कुणाकडे आहे?

हे बघा. काही कप बशा आहेत, सर्व बशा चमचे आहेत, एकही चमचा ताट नाही. बशी चमचा कशी असेल असा विचारच करायचा नाही, दिलंय ते खरं धरायचं. कपाचा गोल बशीच्या गोलात थोडा घुसवा, बशीचा अख्खा गोल चमच्याच्या पोटात टाका आणि ताट चमच्यापासून लांब ठेवा.

आता निष्कर्ष आला, "काही कप ताटं नाहीत". जे कप बशा आहेत ते चमचे पण झालेच, म्हणजे ते काही केल्या ताट होणार नाहीत, त्यामुळे हा पक्का. पण "एकही कप ताट नाही" आला की लगेच टिक करू नका! तुमच्या आकृतीत कप ताटापासून लांब दिसतो तो तुम्ही तसा काढला म्हणून, कपाचा उरलेला भाग ताटात सरकवून बघा, कुठलंही विधान मोडत नाही, म्हणजे निष्कर्ष पडला. "काही कप ताटं आहेत" हाही तसाच पडतो, कारण तो भाग बाहेरही राहू शकतो. मात्र दोन्ही एकाच प्रश्नात आले तर उत्तर "एकतर पहिला किंवा दुसरा", कारण दोन्हीपैकी एक खरा असणारच, तिसरी वाटच नाही. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो त्या निगेटिव्हमध्ये मुलं जास्त करून इथेच अडकतात.

"असण्याची शक्यता आहे" अशा शक्यतेच्या प्रश्नात फक्त उलटं विचारायचं, एक तरी आकृती बसते का? बसली की झालं.

आणि "फक्त काही कप बशा आहेत" असं आलं तर जरा थांबा, तिथे काही कप बशा नाहीत हेही पक्कं सांगितलेलं असतं, म्हणून "सर्व कप बशा असण्याची शक्यता" चूक, पण "सर्व बशा कप असण्याची शक्यता" बरोबर, बशीचा गोल कपाच्या आत काढून बघा, आरामात बसतो.