किती वॅट? विचारलंत म्हणून सांगतो

"माझ्या स्पीकरला किती वॅटचा अ‍ॅम्प घेऊ?" नवी पेठेत चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, रात्री जेवताना फोनवर. अ‍ॅम्प म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर. मी उलट विचारतो, स्पीकर किती ओहमचा (करंटला किती अडवतो), किती डीबीचा (एका वॅटमध्ये किती मोठा वाजतो), खोली केवढी? लगेच चेहरा पडतो, याला सांगायचंच नाही म्हणून. अहो, सांगायचंय की! पण नुसत्या वॅटवरून काय सांगू? 90 डीबीचा स्पीकर 1 वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला 84 डीबीवाला 4 वॅट खातो. त्यात माहितीपत्रकातली मखलाशी वेगळी. डीबी मोजतात 2.83 व्होल्टवर, 8 ओहमला तो 1 वॅट होतो, 4 ओहमला 2. म्हणजे 4 ओहमवाल्याचे 3 डीबी फुकटचे फुगवलेले.

सात रस्त्याकडचे एक निवृत्त गुरुजी. पेन्शनच्या पैशातून छोटे, देखणे स्पीकर आणले, 84 डीबी, 4 ओहम. अ‍ॅम्प जुना, पाठीवर स्पष्ट छापलेलं, 8 ओहम. एप्रिलचं ऊन. तबल्याची तिहाई, तीनदा वाजणारा तो तुकडा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणार, तेवढ्यात आत रिलेचा 'टक्', अ‍ॅम्प प्रोटेक्शनला, म्हणजे स्वतःहून बंद. "सम माझ्या घरी येतच नाही हो," गुरुजी म्हणाले. अ‍ॅम्प उघडला. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) बोट टेकवेना, पण बिघाड शून्य. ओहम निम्मा म्हणजे तेवढ्याच व्होल्टला करंट दुप्पट. तो बिचारा जीव वाचवत होता. माझे 8 ओहमचे जुने मोठे डबे जोडले, नॉब तिथंच ठेवला. सम आली, दणक्यात आली. गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे माझे स्पीकर टाकाऊ?" टाकाऊ नाहीत, ओढायला जड आहेत, एवढंच म्हणालो. त्यांनी वायरी गुंडाळल्या. परत आले नाहीत.

गोड बोलायला हवं होतं, असं घरचे म्हणतात. काय गोड बोलणार? ओहम गोड होतो का?

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो, अ‍ॅम्प दांडगाच घ्या, कमी ताकदीचा पिळला की क्लिप होऊन (आवाजाची लाट वरून कापली जाऊन) ट्वीटर, बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जाळतो. ते आजही खरंच आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत हळू ऐकणाऱ्याला एक-दोन वॅट पुरतात, हेही खरं. मग त्याला शंभर वॅटच्या खर्चात का घालायचं? तिहाईला मात्र क्षणभर दहापट ताकद लागते. इथं माझं माझ्याशीच जमत नाही.

गुरुजींनी तोच सेट ठेवलाय म्हणे. नॉब घड्याळातल्या नऊच्या पुढं नेत नाहीत, आणि भेटेल त्याला सांगतात, त्या माणसाला काही कळत नाही.