सातबारा आधी बघा, भाव नंतर करा

आमच्या नंदुरबार, तळोदा, नवापूर साइडला जमीन घ्यायची म्हटलं की लोक पाणी बघतात, रोड बघतात, भाव करतात आणि सातबारा सगळ्यात शेवटी. अरे भाऊ, तो आधी बघायचा असतो! त्यावर भोगवटादार वर्ग-2, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असं लिहिलं असेल तर परवानगीशिवाय व्यवहार करायचाच नाही. आणि खातेदार आदिवासी असेल तर महसूल संहितेचं कलम 36अ आहेच, बिगर-आदिवासीला 5 वर्षांपर्यंत भाड्याने किंवा गहाण द्यायची तरी कलेक्टरची परवानगी लागते, विक्रीला तर त्याच्यावर सरकारची मान्यता पण. एजंट म्हणतो नोटरी करून टाकू, काही होत नाही. नोटरीच्या कागदाने ही अट उडत नाही.

काही लोकांना हा कायदा जाचक वाटतो, मला अजिबात नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा लावून किती जमिनी गेल्या इकडे, शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना 70 च्या दशकात त्यासाठीच तर लढले, आणि 1974 चा आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा त्याच काळातला.

जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकी-हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, पण काढा, आणि सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'चा रकाना नीट वाचा, अटी तिथेच लिहिलेल्या असतात.