तुम्ही विचारलंत म्हणून: कवठ खायचं तरी कसं?

कवठाचा फोटो कुठं टाकला की पुण्या-मुंबईचं कुणीतरी विचारतंच, "हे राखाडी गोल काय आहे हो, आणि खातात कसं?" तर बाप्पा, हे कवठ, बेल नाही. बेलाचं कवच गुळगुळीत आणि आतला गर पिवळा-केशरी, कवठाचं कवच पांढरट खरखरीत आणि आत तपकिरी चिकट गर, त्यात गच्च बिया. दिसत नसलं तरी आपल्या नागपुरी संत्र्याच्याच खानदानातलं आहे ते.

पिकलेलं कवठ घरात असलं की ओसरीपर्यंत आंबूस-गोड वास येतो, पाहुणे नाक मुरडतात, मुरडू द्या. चव म्हणाल तर आधी आंबट, मग तुरट, गोड लागतं ते पार शेवटी. नुसतं चमच्यानं खाऊन "काही खास नाही" म्हणणारे लय भेटतात, पण चिंच कुणी जेवणानंतर ताटलीत घालून देतं का? तसंच आहे हे, याची खरी जागा पाट्यावर.

घेताना फूटभर उंचीवरून फरशीवर टाकून पाहा. उसळलं तर कच्चं, धप्पकन जागीच बसलं तर पिकलं. झाडाचं उतरवलेलं जरा कच्चट असलं तर काही दिवस उन्हात ठेवायचं, होते बरोबर.

मग फोडा, गर काढा, जवळपास गराएवढाच गूळ घ्या (इथं कंजूषी केली की दात आंबलेच समजा), लाल तिखट, जिरं, मीठ, आणि वाटा. मिक्सरमध्येही होते पण बिया अर्धवट राहतात, पाट्यावर त्या गरात पार मिसळतात आणि चटणीला एक वेगळाच दाटपणा येतो. सोबत ज्वारीची गरम भाकर, बस. महाशिवरात्रीला हीच चटणी हिरवी मिरची घालून उपवासाला चालते.

आमच्या शेजारी तेलंगणा-आंध्राकडे याची दही घालून पचडी करतात, श्रीलंकेत तर नारळाच्या दुधात कालवून पितात म्हणे, ते एकदा करून पाहायचं आहे. जेली मात्र घरी नक्की करा. कवठात पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातलाच घटक) भरपूर, त्यामुळे गर पाण्यात उकळून फडक्यातून गाळला आणि साखर घालून आटवला की बाकी काही न टाकता घट्ट बसते, रंगही मस्त जांभळट येतो. सरबताचं विचाराल तर मला नाही आवडत, इतकी साखर ओततात की तुरटपणाच मरून जातो, मग कवठ काहून घ्यायचं?

आणि मॉलमध्ये शोधू नका. आमच्याकडे कवठाची बाग कुणी लावत नाही, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आपोआप आलेलं काटेरी झाड असते. शिवरात्रीच्या आधी आठवडी बाजारात कडेला पोतं अंथरून बसलेल्या बायांकडे जा, आणि टाकून पाहू का म्हणून विचारा, त्या स्वतःच टाकून दाखवतात.