पहाटेचं पाणी

हळदीच्या बंधाऱ्याखाली त्या दिवशी मी पहाटे साडेपाचला उतरले ते नाइलाजानं. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता आणि दुपारी मला परीक्षेची ड्युटी लागली होती. एरवी भोगावती नदीतल्या पाणकिड्यांचे नमुने आम्ही दुपारी दोन-अडीचलाच घ्यायचो. पाणी सगळ्यात जास्त तापतं तेव्हाच किड्यांचा कस लागणार, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. पहाटे पाणी गार असतं, तेव्हा वेगळं काय दिसणार?

बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले होते. वरच्या अंगाला नदी तुडुंब, आणि खाली फटींतून सुटलेल्या करंगळीएवढ्या धारा खडकांतून एका कडेनं वाहत होत्या. दुसऱ्या कडेचं पाणी महिन्यापूर्वी वाहतं होतं. आता ते तुटून त्याचं गुडघाभर डबकं झालं होतं, तळाला हिरवं शेवाळ. थर्मामीटर लावला: धारेत २७ अंश, डबक्यात २६.

डबक्यात हात घालण्याआधीच थबकले. मेफ्लाय या पाणकिड्याची चपटी पिल्लं दिवसा दगडाच्या पोटाला चिकटून असतात. उलटा केल्याशिवाय दिसत नाहीत. इथं ती दगडाच्या माथ्यावर, पाण्याच्या पृष्ठभागाला लागून दाटीवाटीनं बसली होती. त्यांतली पाच-सहा पांढऱ्या ट्रेमध्ये डबक्याच्याच पाण्यात घेतली आणि भिंग लावलं. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात. एरवी ते थांबून थांबून हलतात. आता ते इतक्या वेगानं फडफडत होते की कडा दिसेनात. धारेतल्या दगडावरची पिल्लं मात्र स्वस्थ होती, एक अंश जास्त तापलेल्या पाण्यात.

वर्गात मी हे इतक्यांदा शिकवलंय: पाणी तापलं की किड्याची दोन्हीकडून कोंडी होते. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते, आणि नेमका तेव्हाच पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मग तो कल्ले हलवून अंगावरून पाणी खेळवतो, म्हणजे तेवढ्याच पाण्यातून जास्त श्वास काढतो. हे सगळं खरं आहे. पण इथं २६ अंशांतली पिल्लं धापा टाकत होती आणि २७ अंशांतली निवांत होती.

बॅगेत पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या विंकलरच्या बाटल्या होत्या. १८८८ सालची ही पद्धत आजही नदीकाठी भरवशाची वाटते. दोन्ही पाण्यांत मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कधर्मी द्रावण सोडलं. साका जितका तपकिरी, तितका ऑक्सिजन जास्त. धारेच्या बाटलीत दाट तपकिरी साका धरला. डबक्याच्या बाटलीत दुधाळ, जेमतेम पिवळसर. आकडा काढायला प्रयोगशाळेत जावं लागतं, पण रंगच पुरेसा बोलका होता.

मग मगभर पाणी ट्रेमधून उचललं आणि हातभर उंचीवरून परत त्यातच ओतलं. पुन्हा ओतलं. पंधरा-वीस वेळा. तापमान तेच. थोड्या वेळानं भिंग लावलं तर कल्ल्यांच्या कडा दिसायला लागल्या होत्या. फडफड, थांबा, फडफड. तेव्हा मला अक्षरशः गलबलून आलं.

मोटर चालू करायला आलेले एक आजोबा मघापासून बघत होते.

“काय करालाय ओ म्याडम, पाणी गाळालाय?”

मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं. ते जरा वेळ बघत राहिले.

“आवं, रातचं पाणी गुदमरतंय की. मासं बी पाटंचंच वर तोंड काढत्यात. दुपारी न्हाई काढत.”

मी दोन वर्षं दुपारी येत होते.

कारण साधं आहे. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री ते सोडत नाही, उलट तेही श्वास घेतं, आणि तळाच्या कुजक्या पाल्यातले जीवाणूही. रात्र उकाड्याची असली तर हा खर्च आणखी वाढतो. सूर्य उगवायच्या आधी साठा सगळ्यात कमी. वाहत्या धारेत खडकांवर आपटताना हवा मिसळत राहते, म्हणून तिथली पिल्लं तग धरतात. वाहत्या पाण्यात ज्या पिल्लांना हे सोसत नाही ती रात्री दगड सोडून प्रवाहाबरोबर खाली निघूनही जातात. डबक्यातून जायला वाटच नसते.

त्याच डबक्यात बाकीचे निभावत होते. चतुराची पिल्लं मागच्या बाजूनं पाणी आत ओढून सोडत होती, त्यांचे कल्ले तिथंच आत असतात. गाळातल्या लाल अळ्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्या हलल्याही नाहीत. पाणभुंगे पंखांखाली हवा भरून घ्यायला वर येत होते. तापल्या पाण्यात त्यांच्या या फेऱ्या वाढतात.

ड्युटी संपवून साडेतीनला परत गेले. डबकं ३२ अंश. बाटलीत साका गडद तपकिरी. कल्ले हलत होते, पण मोजता येतील इतके सावकाश.

डबक्याकाठच्या खडकावर मेफ्लायच्या काती चिकटल्या होत्या. काही पिल्लांना पंख फुटून ती सुटली होती. उन्हाळ्यात वाढ लवकर होते, पण अंग लहान राहतं आणि मादीच्या पोटात अंडी कमी. रात्री डिसेंबरच्या कुपीतली त्याच जातीची एक कात काढली आणि दोन्ही सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीवर शेजारी ठेवल्या. डिसेंबरची आठ मिलिमीटर. आजची साडेपाच.

वहीत तापमानाच्या रकान्याशेजारी वेळेचा रकाना आखला आणि दुसऱ्या दिवशीचा गजर साडेचारचा लावला.