एक दात काळा, कोटेशन आठ दातांचं

व्हेनिअर्स, म्हणजे दातांवर समोरून चिकटवायची पातळ आवरणं, बसवायची की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. त्यात मे ते डिसेंबर गेले, आणि त्यातले तीन महिने निव्वळ एका एक्स-रेच्या मागे.

माझा वरचा पुढचा एक दात काळपट होता. अकरा वर्षांची असताना पावसाळ्यात शाळेच्या शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवर तोंडावर आपटले. दात हलला, परत घट्ट झाला आणि कॉलेजात जाईपर्यंत हळूहळू काळवंडला. वेंगुर्ल्यात आमचा काजूचा छोटा धंदा आहे. प्रदर्शनात स्टॉल लावला की गिऱ्हाइकाशी हसून बोलावंच लागतं, आणि मी वीस वर्षं ओठ मिटून हसतेय. मोठ्या काकीचं म्हणणं, "दात काळो पडलो तरी बांगडो चावतंस मां? मगे ह्यां कित्याक होया?" काकीचे फोटो कोणी काढत नाही, तिला काय!

तर मे महिन्यात एका शहरातल्या चकाचक दवाखान्यात गेले. नाव घेत नाही. खुर्चीत बसवलं, फोटो काढले, तोंडाचा एक्स-रे काढला आणि दहा मिनिटांत समोरच्या स्क्रीनवर मीच, पण नटीच्या दातांची. "आठ करूया, म्हणजे सगळे एकसारखे दिसतील." एका दाताचे 12,000, आठांचे 96,000, आजच बुक केलं तर 85,000, हप्तेही मिळतील. मी विचारलं, बाकीच्या सात दातांनी काय केलंय? आणि हा एकच काळा का पडला? डॉक्टर हसले आणि दुसऱ्या खोलीत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी बुकिंग करा, मग सर सविस्तर बोलतील."

बुकिंग केलं नाही. म्हटलं, एक्स-रे द्या, दुसरीकडे दाखवते. "व्हॉट्सॲपवर पाठवते." आठ दिवस काही नाही. फोन केला, "पाठवते." जूनमध्ये भर पावसात एसटीने परत गेले. दोन-अडीच तास बसवून सांगितलं, ज्या कॉम्प्युटरवर आहे तो मुलगा आज रजेवर आहे. जुलैत तिसरी फेरी. या वेळी म्हणाले, तो आमचा अंतर्गत रेकॉर्ड आहे. पैसे मी मोजलेत, जबडा माझा, आणि रेकॉर्ड यांचा! आपले एक्स-रे आणि तपासणीचे कागद मागायचा रुग्णाला हक्क असतो, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नुसतीच चिडून घरी आले आणि काजू सोलणाऱ्या बायकांवर उगाच करवादले. शेवटी गणपतीच्या चार दिवस आधी एक्स-रे आला, तोही 'गणेशोत्सव स्माईल ऑफर'च्या चित्राखाली. तुम्ही माझ्यासारखं करू नका. पैसे भरायच्या आधीच सांगा, की एक्स-रेची प्रत आणि खर्चाचा लेखी अंदाज हातात मिळाल्याशिवाय मी उठणार नाही.

गणपती उरकल्यावर सावंतवाडीहून पणजीची गाडी धरली आणि बांबोळीला दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी दाताचा रंग बघितलाच नाही. कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून शेजारच्या दाताला लावला, मी खुर्चीतून उडाले. काळ्या दाताला लावला, काहीच नाही. दात केव्हाचाच मेलेला. मग तोच एक्स-रे मोबाईलवर मोठा करून दाखवला. मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे आत जंतुसंसर्ग. तीन महिने ज्याच्यासाठी वणवण केली, उत्तर त्याच्यातच होतं. त्यावर व्हेनिअर चिकटवलं असतं तर पुढेमागे रूट कॅनाल करावंच लागलं असतं, आणि काळ्या दाताचा रंग पातळ व्हेनिअरमधून आरपार दिसतो तो वेगळाच. तो झाकायचा तर व्हेनिअर जाड हवं, आणि जाड हवं म्हणजे दात जास्त घासून पातळ करायचा.

घासायचं कळलं तेव्हा माझा निम्मा उत्साह मावळला. पोर्सेलीनचं व्हेनिअर बसवायला दाताचं वरचं कवच साधारण अर्धा मिलिमीटर उतरवतात. काजूगराचं साल काढावं तसं. पण ते साल पुन्हा येत नाही. म्हणजे एकदा केलं की जन्मभर दातावर काही ना काही आच्छादन हवंच. चांगलं पोर्सेलीन दहा-पंधरा वर्षं टिकतं, कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं प्लास्टिकसारखं भरण, स्वस्त पण त्याहून कमी टिकतं. मी 39 वर्षांची. पुढच्या खेपांचा हिशोब मीच मनात केला.

रूट कॅनाल झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग दाताच्या आतच ब्लीचचं औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट, दर आठवड्याने बदलायचं. तिसऱ्या खेपेला दात शेजाऱ्यांच्या जवळ आला. अगदी सारखा नाही, अर्धी छटा गडद आहे. पुढेमागे पुन्हा काळवंडू शकतो, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

हो, एक राहिलंच. झोपेत दात खाता का, हे घरच्यांना विचारून जा. मी नाही म्हटलं, नवरा शेजारून म्हणाला, रोज कडकड ऐकतो. दातांच्या कडा घासून सपाट झाल्या होत्या. अशांची व्हेनिअर्स तडकतात, किमान रात्री दातांवर प्लास्टिकचा गार्ड लावून झोपावं लागतं. आणि कुर्लीचे डेंगे दातांनी फोडणं कायमचं बंद. हे ऐकून मला खरा घाम फुटला.

मी व्हेनिअर्सच्या विरुद्ध नाही. दातांत फट असेल, कडा तुटली असेल, टेट्रासायक्लिन या औषधाचे किंवा फ्लोराईडचे डाग ब्लीचने जात नसतील, तर ती कामाची असू शकतात. फक्त हिरड्या धड हव्यात. रंग ठरवताना खिडकीपाशी उजेडात ठरवा, आणि बसल्याबसल्या लगेच. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात. बाकीचेही दात उजळवायचे असतील तर ते आधी, कारण व्हेनिअर ब्लीच होत नाही. व्हेनिअरसाठी दात घासून पातळ करायच्या आधी नुसता वरून साचा लावून रूप दाखवतात, तो मागून घ्या. घरी आरशात हसून बघा, काकीला दाखवा.

मी डिसेंबरात नको ठरवलं. निदान आत्ता नको. परवा त्या दवाखान्याची नाताळची ऑफर आली. खाली लिहिलं होतं, "मॅडम, तुमची स्माईल अजून पेंडिंग आहे."