पाळक कसा हवा? एका पानासाठी केलेली वणवण

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची, म्हणजे पाद्रींची, बदली ठरली आणि डी.एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट) साहेबांचा निरोप आला. पुढचा पाळक कसा हवा ते मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, एका पानात लिहून द्यावं, कॉन्फरन्सच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सभेच्या, आधी. माझं अक्षर बरं म्हणून कधीतरी मला कमिटीची सेक्रेटरी केलेलं. त्यामुळे ते पान माझ्याच गळ्यात पडलं.

चर्चचं नाव लिहीत नाही. बेळगावातली मराठी ख्रिस्ती घरं ती कितीशी, ओळखणारे ओळखतीलच. आम्ही मेथडिस्ट, प्रोटेस्टंटांतला एक पंथ. इथं लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आलं, हे आमच्याकडे संडे स्कूलमधलं पोरगंही सांगतं. आमच्या पद्धतीत मंडळी पाळक निवडत नाही. बिशप डी.एस. लोकांशी बोलून नेमणुका करतात आणि वार्षिक कॉन्फरन्समध्ये यादी वाचली जाते. बाप्टिस्टांकडे मंडळी स्वतः पाळकाला बोलावणं धाडते. कॅथलिकांकडे कोण विचारतंय! आम्ही मधले. विचारतात, पण ऐकलंच पाहिजे असं नाही.

रविवारी उपासनेनंतर मीटिंग घेतली. दीड तासात माझ्या वहीची साडेतीन पानं भरली. संदेश, म्हणजे प्रवचन, वीस मिनिटांच्या वर नको. पेटी वाजवता यावी. नको, गिटार यावी, पोरं तरी टिकतील. टू-व्हीलर पाहिजे. घर सोडून सारखं कॉन्फरन्सच्या कामाला पळणारा नको. मग कुणीतरी म्हणालं की पाळकीणबाईंनी स्त्री मंडळ आणि संडे स्कूल दोन्ही बघावं. बऱ्याच माना हलल्या. आमच्यातली एक तरुण मुलगी, नर्स आहे, रात्रपाळी करून थेट आली होती. तिनं विचारलं, "बाईंचा पगार कोण देणार?" कुणी काही बोललं नाही. मी तो मुद्दा वहीत खोडला. सेक्रेटरीला एवढा अधिकार असावा असं माझं मत आहे.

खरा वाद भाषेवरून पेटला. सीमाभागात तो कुठंही पेटतो, चर्च तरी कसं सुटेल! पाळक मराठीच पाहिजे, असं जुन्या मंडळींचं म्हणणं. एक निवृत्त गुरुजी उभे राहिले. "हे बाबा पद्मनजींचं गाव. १८३१ मध्ये ते इथं जन्मले, १८५४ मध्ये इथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारा माणूस! आणि त्यांच्या गावात आपण रेव्हरंड टिळकांची भजनं चुकीच्या उच्चारात ऐकायची?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "गुरुजी, दफनभूमीच्या परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये भरायचा असतो. तो पद्मनजी येऊन भरणार आहेत काय?" हशा पिकला, पण मुद्दा खरा होता. आमच्या निम्म्या मुलांच्या शाळा कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमाच्या. ऑफिसात कन्नड, घरात मराठी, मोबाईलवर तिन्ही. शेवटी एक काका पुटपुटले, "मिशनरी तरी कुठं मराठी बोलत जन्मले होते? शिकलेच की." ते वाक्य मी कोपऱ्यात लिहून ठेवलं.

ही सगळी वही मी एका पानात बसवली आणि वाचून पाहिली. त्या पानातला माणूस मला कुठं भेटला असता तर मी दोन हात लांबच राहिले असते. पेटी वाजवणारा, गाडी हाकणारा, हिशेब लिहिणारा, घड्याळ लावून बोलणारा. मंडळीत आहे कोण आणि तिला काय दुखतंय, याचा पानात मागमूस नव्हता.

डी.एस. साहेबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. मीटिंगला जे येत नाहीत त्यांना विचारा. आणि तुम्ही पाळकाला काय देणार तेही त्याच पानात लिहा.

मग घरं फिरायला लागले. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे, सहानंतर सुटते. महिनाभर रोज दोन घरं, कधी तीन. सुरुवातीला मी मीटिंगमधलाच प्रश्न विचारायची, "पाळक कसा हवा?" आणि लोक मीटिंगमधलंच उत्तर द्यायचे. प्रार्थनाशील हवा. नम्र हवा. चौथ्या-पाचव्या घरी कंटाळून मी प्रश्न बदलला. "पाळक तुमच्या घरी कधी आले होते? तेव्हा काय झालं?" असल्या कामाला कुणी निघालंच तर हा प्रश्न आधी विचारा. माझे दोन दिवस वाचले असते.

वडगावातल्या एका मावशींकडे गेले. शेजारी यंत्रमाग, त्याचा खटखटाट भिंतीतून यायचा, त्यामुळे आम्ही दोघी ओरडूनच बोलत होतो. सलाम केला, वही काढली. त्या म्हणाल्या, "काय लिहूलालीस गं?" मी प्रश्न विचारला. मावशींनी मागचे नव्हे, त्याआधीचे पाळक सांगितले. काका वारले तेव्हाचे. दफनविधीला तर आलेच होते, पण तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले. दूध नव्हतं, कोरा चहा घेतला. पुस्तक उघडलं नाही. काकांना जेवायला काय आवडायचं ते विचारलं. मावशींनी सांगितलं, शेंगदाण्याची आमटी. मग पाऊण तास आमटीचंच बोलणं झालं. तिखट किती, गूळ घालायचा की नाही. उठताना एका ओळीची प्रार्थना. "बाकी सगळे मला धीर देऊन गेले," मावशी म्हणाल्या, "हे तेवढे बसले." माग मध्येच थांबला, वीज गेली असावी. त्या शांततेत आम्हा दोघींना काही बोलायचं सुचेना.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा एक मुलगा म्हणाला, त्याची सुट्टी रविवारी नसते. वर्षभरात पाळकांनी त्याला पाहिलंच नाही आणि "चर्चला येत नाही" अशा लोकांत त्याचं नाव गेलं. एवढंच बोलला आणि बूट घालायला लागला.

आणि तीन घरं अशी निघाली की तिथं मला वही बंद करायला सांगितली. तिन्ही घरांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकीकडे नवऱ्याची दारू, एकीकडे कर्ज, एकीकडे मुलीचं लग्न. तपशील लिहीत नाही, आणि का ते पुढं कळेल. तिघांनीही कधीतरी कुठल्यातरी पाळकाला विश्वासानं काही सांगितलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच विषयावर स्त्री मंडळात "प्रार्थना विनंती" आली. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती, सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळल्या. त्यातली एक बाई म्हणाली, "गाता नाही आलं तरी चालेल, संदेश लांबला तरी चालेल. पोटात ठेवणारा पाहिजे."

मीटिंगच्या साडेतीन पानांत हे कुठंच नव्हतं. असणार कसं? ज्यांच्यासमोर बोलायचं तेच तर माना वळवणारे. मीही. मला तो रविवार आठवला, आणि मीही मान वळवली होती.

पान नव्यानं लिहिलं. पहिली ओळ: सांगितलेलं पोटात ठेवणारा. दुसरी: दुःखाच्या घरी दुसऱ्यांदा जाणारा. तिसरी: रविवारी येऊ न शकणाऱ्यांना हुडकून काढणारा. चौथी भाषेची: प्रार्थना आणि भेटी मराठीत, कागदपत्रं कन्नडमध्ये, यातलं एक येत असेल तर दुसरं शिकायची तयारी. लग्नाची रजिस्टरं नीट ठेवावीत हेही घातलं, कारण १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्याखाली लग्न लावायचं म्हणजे नोंदही पाळकाच्याच सहीनं होते, आणि आमच्याकडे एका जोडप्याचे त्यापायी हाल झाले होते. पेटीला शेवटी अर्धी ओळ मिळाली. गिटारवाल्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

पानाचा खालचा भाग लिहिताना मात्र हात अडखळला. आम्ही काय देणार? पगार कॉन्फरन्स ठरवते. राहायचं घर आमचं, मंगळुरी कौलांचं, आणि बेळगावचा पाऊस जूनपासून त्याच्या स्वयंपाकघरात. मागच्या पाळकीणबाईंनी पाच पावसाळे परातीत पाणी धरलं. आम्हाला ठाऊक होतं. "घर उपलब्ध आहे" असं लिहिता आलं असतं, पण गुरुजींनीच अडवलं. म्हणाले, खोटं लिहू नकोस, आधी कौलं बदलू. अर्पणाव्यतिरिक्त वेगळी वर्गणी काढली. फाउंड्रीतला तो मुलगा त्याच्या सुट्टीच्या दिवशी, बुधवारी, छपरावर चढला. मग मी लिहिलं, "घर गळत नाही." कमिटीला ते वाक्य कसंतरीच वाटलं. मी ठेवलं.

कॉन्फरन्समध्ये नेमणुकांची यादी संपता संपता आमचं नाव आलं. रात्री साडेदहाला मेसेज आला. पाळक कन्नडभाषक. तासाभरात माझ्या फोनवर चौदा मिसकॉल. गुरुजींचा एकही नव्हता, ते रुसून झोपले होते.

पहिल्या रविवारी मी दुसऱ्या बाकावर बसले होते. संदेश मराठीत झाला, हळू, थांबत थांबत. 'जग'मधला ज ते 'जेवण'मधल्या जसारखा उच्चारत होते, आणि पुस्तक कधी 'तो' व्हायचं कधी 'ती'. नंतर हिशेबाची सही घ्यायला पुढं गेले तर त्यांचे कागद पुलपिटावर तसेच. वाक्यं मराठी, लिपी कन्नड. काही शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा. 'जग'खाली दोन. गुरुजी माझ्या मागून वाकून बघत होते. त्यांना कन्नड वाचता येतं, कबूल करत नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, एक चुकलेली मात्रा दुरुस्त केली आणि पेन परत खिशात ठेवलं.

पाळकांनी पहिल्याच आठवड्यात घरांची यादी मागून घेतली होती. महिन्याभरानं वडगावच्या मावशींचा फोन आला.

"येऊन गेले गं."

"काय बोलणं झालं?"

"ते तुला कशाला सांगू?"

चहा मात्र दोनदा घेतला, एवढं त्यांनी सांगितलं.